येसूबाईंचा शिक्का: शंभूराजांचं लग्न समजून घेताना

जमिनीच्या कामासाठी ज्याने रजिस्ट्रार ऑफिसच्या चकरा मारल्यात त्याला कुलमुखत्यारपत्र हा शब्द नवा नाही. पॉवर ऑफ अॅटर्नी. मी स्वतः हजर नाही, माझ्या जागी हा माणूस सही करेल आणि त्याची सही ती माझीच सही समजा, एवढा सरळ अर्थ. कुल म्हणजे सगळं आणि मुखत्यार म्हणजे ज्याच्या हातात अधिकार दिलाय तो. आता हाच शब्द घेऊन रायगडावर जाऊया, कारण संभाजी महाराजांनी आपल्या पत्नीला, येसूबाईंना, राज्यकारभाराचं कुलमुखत्यार केलं होतं. तेही नुसतं तोंडी नाही, त्यांच्यासाठी वेगळा शिक्का होता आणि त्यावर अक्षरं होती 'श्री सखी राज्ञी जयति'.

सखी. राजाच्या बायकोच्या सरकारी शिक्क्यावर हा शब्द आहे यावर मी कितीतरी वेळा थांबलोय. शंभूराजांबद्दल आपण बोलतो तेव्हा लढाया येतात आणि शेवटचे ते चाळीस दिवस येतात, ते यायलाच हवेत, पण त्यांचं लग्न मात्र एका ओळीत उरकलं जातं, पिलाजी शिर्क्यांची मुलगी येसूबाई, एक मुलगी एक मुलगा, झालं. खरं तर या लग्नात मराठी राज्याचं अर्धं राजकारण दडलेलं आहे, सोयरीक का व्हायची, वतन म्हणजे काय भानगड, राजाच्या गैरहजेरीत कागद कुणाच्या नावाने निघायचा, ओलीस ठेवणं म्हणजे काय, हे सगळं या एका जोडप्याकडे बघून कळतं. म्हणून जरा सावकाश सांगतो.

सुरुवात शृंगारपूरपासून. हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरच्या बाजूला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, वर प्रचितगड. तिथे सुर्व्यांची सत्ता होती, ते आदिलशाहीचे, आणि सुर्व्यांच्या कारभारात सगळ्यात वजनदार माणूस म्हणजे पिलाजीराव शिर्के. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी शृंगारपूर घेतलं, सुर्वे पळाले. आता जिंकलेल्या मुलखात असा वजनदार माणूस उरला की राजाकडे दोनच वाटा, त्याला संपवा नाहीतर आपला करा, आणि महाराजांनी त्यांना आपलं केलं ते थेट सोयरीक करून. पिलाजीरावांची मुलगी शंभूराजांना केली आणि आपली मुलगी राजकुंवर पिलाजीरावांच्या मुलाला, गणोजींना दिली.

गावाकडे याला साटंलोटं म्हणतात, तुमची मुलगी आमच्याकडे आणि आमची तुमच्याकडे. दोन्ही घरांची एकेक लेक समोरच्या घरात असते, त्यामुळे कुणी कुणाला सहजासहजी दुखवत नाही. त्या काळात करारपत्रापेक्षा हे पक्कं मानलं जायचं. कागद फाडता येतो, पोटची पोर समोरच्याच्या घरात नांदत असेल तर काय फाडणार. मुलगा-मुलगी दोघंही लहान होती, त्यांना कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता, आणि हे आजच्या नजरेने कसंतरी वाटत असलं तरी त्या वेळचं लग्न दोन घराण्यांचं असायचं, दोन माणसांचं नंतर व्हायचं, झालं तर.

यात आणखी एक गोष्ट आहे जी पुढे फार महागात पडली, ती म्हणजे वतन. वतन म्हणजे एखाद्या गावाचा किंवा परगण्याचा वसूल गोळा करायचा, तिथली व्यवस्था बघायची आणि त्यातला ठरलेला हिस्सा स्वतःकडे ठेवायचा हा वंशपरंपरेने चालत आलेला हक्क. आजोबांकडून बापाकडे, बापाकडून मुलाकडे. राजे बदलायचे, आज निजामशाही उद्या आदिलशाही, पण वतनदार तिथेच. त्यामुळे वतनदाराचा जीव राजापेक्षा वतनात अडकलेला, जो राजा वतन देईल तो आपला. शिवाजी महाराजांना हे पुरेपूर माहीत होतं म्हणून त्यांनी नोकरीच्या बदल्यात नवी वतनं वाटणं टाळलं आणि रोख पगाराची पद्धत धरली. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही हाच इशारा आहे, की वतनदार दिसायला छोटे असले तरी ते आपापल्या जागी स्वतंत्र देशनायकच असतात.

शिर्क्यांना मात्र दाभोळची देशमुखी हवी होती. महाराजांनी शब्द दिला तो असा की राजकुंवरला मुलगा झाला की ते वतन त्याच्या नावे करू. बारकाईने बघा, शब्द शिर्क्यांना दिलाय पण वतन जाणार कुणाला तर महाराजांच्या स्वतःच्या नातवाला, म्हणजे आपला नियमही फार मोडला नाही आणि व्याह्यांचा मानही राहिला. हुशारीचं काम होतं, पण देणं उद्यावर ढकललेलं होतं, आणि तो उद्या उजाडला तेव्हा गादीवर शिवाजी महाराज नव्हते, जावई शंभूराजे होते.

ही मुलं मोठी झाली ती राजगड-रायगडाच्या धामधुमीत. शंभूराजांची आई सईबाई १६५९ मध्येच गेलेल्या, मुलगा तेव्हा दोन वर्षांचा, जिजाऊंनी वाढवला, आणि १६७४ मध्ये राज्याभिषेकानंतर लगेच जिजाऊही गेल्या. त्यानंतर रायगडावर सोयराबाईंचा मुलगा राजाराम की थोरला शंभू हा प्रश्न हळूहळू तापायला लागला. महाराज दक्षिणेच्या मोठ्या मोहिमेला निघाले तेव्हा शंभूराजांना रायगडावर न ठेवता शृंगारपूरला पाठवलं, त्या भागाचा कारभार बघायला. शृंगारपूर म्हणजे येसूबाईंचं माहेर. तिथली ही दोन वर्षं मला या लग्नातली सगळ्यात शांत वर्षं वाटतात, पंडितांचा सहवास, संस्कृतचा अभ्यास, शंभूराजांचे मित्र आणि सल्लागार कवी कलश यांची साथ, आणि तिथेच पहिली मुलगी झाली, भवानीबाई. मग आलं ते शंभूराजांनी मोगल सरदार दिलेरखानाकडे जाण्याचं प्रकरण, डिसेंबर १६७८, आणि वर्षभराने परत येणं. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय म्हणून इथे थांबत नाही.

३ एप्रिल १६८०, रायगडावर महाराज गेले. शंभूराजे पन्हाळ्यावर. काही मंत्र्यांनी आणि सोयराबाईंनी मिळून दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं, सेनापती हंबीरराव मोहिते हे खुद्द सोयराबाईंचे भाऊ असूनही शंभूराजांच्या बाजूने उभे राहिले, आणि जूनमध्ये शंभूराजांनी रायगड ताब्यात घेतला. १६ जानेवारी १६८१ ला राज्याभिषेक. त्याच वर्षी पुन्हा कट उघडकीला आला, त्यात अण्णाजी दत्तोंसारखा बापाच्या काळातला मोठा मंत्री होता, त्यांना देहदंड झाला.

आता स्वतःला त्या तेवीस-चोवीस वर्षांच्या राजाच्या जागी ठेवून बघा. घरातच दोन वेळा पायाखालची जमीन सरकलेली. बाहेर औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर आसऱ्याला आलाय आणि त्याच्या मागोमाग खुद्द औरंगजेब अख्खी बादशाही घेऊन दख्खनेत उतरतोय. इकडे जंजिऱ्याचा सिद्दी, तिकडे गोव्याचे पोर्तुगीज. राजाला वर्षातले कितीतरी महिने घोड्यावरच काढावे लागणार हे उघड होतं. मग राजधानीत कुणाला ठेवायचं? ज्याच्याकडे शिक्का देऊन पाठ फिरवता येईल असं माणूस कोण?

आणि इथे तो शिक्का येतो. त्या काळचं सरकारी पत्र कसं असायचं ते आधी सांगतो म्हणजे शिक्क्याचं वजन कळेल. राजा पत्राखाली आपल्यासारखी सही करत नसे. कारकून मोडीत मजकूर लिहायचा, वर शिक्का उठवायचा आणि मजकूर जिथे संपतो तिथे दुसरा छोटा ठसा, 'मर्यादेयं विराजते', म्हणजे इथे मर्यादा झाली, याच्या पुढे एकही शब्द कुणी घुसडायचा नाही. हा शेवटचा ठसा म्हणजे मोर्तब. आपण रोज म्हणतो ना की अमक्या गोष्टीवर शिक्कामोर्तब झालं, ते यावरूनच. शाईत बुडवून कागदावर दाबलेला हा लहानसा ठसा नसेल तर किल्लेदार धान्याचं कोठार उघडणार नाही, सुभेदार वसूल पाठवणार नाही. ठसा असेल तर तो राजाचा हुकूम.

शिवाजी महाराजांची मुद्रा आपल्याला पाठ असते, प्रतिपच्चंद्रलेखेव. शंभूराजांची मुद्रा तशीच भारदस्त, 'श्री शंभोः शिवजातस्य मुद्रा द्यौरिव राजते', शिवपुत्र शंभूची ही मुद्रा आकाशासारखी तळपते. आणि येसूबाईंची एवढीशी, तीन-चार शब्दांची. तिच्यात ती कुणाची मुलगी हे नाही, कुणाची बायको हेही नाही. राज्ञी म्हणजे राणी, जयति म्हणजे जय असो, आणि मध्ये सखी. राजाने आपल्या राणीला जगासमोर दिलेली ओळख ही आहे, मैत्रीण, सोबतीण. राजवाड्यातलं प्रेम कागदावर क्वचितच उतरतं, इथे ते धातूवर कोरलेलं आहे आणि तेही कारभाराच्या कामासाठी, हे मला फार मोठं वाटतं.

म्हणजे हे लाडाने दिलेलं दागिन्यासारखं काही नव्हतं, एवढं लक्षात घ्या. नऊ वर्षं राज्य चाललं ते सततच्या लढाईत, बुऱ्हाणपूर, जंजिरा, गोवा, आणि इकडे एकामागून एक किल्ल्यांना मोगलांचे वेढे. त्यात १८ मे १६८२ ला माणगावजवळ गांगवलीला मुलगा झाला, आजोबांचं नाव ठेवलं शिवाजी, तेच पुढचे शाहू महाराज. बाळंतपण, लेकरं, आणि गडाचा कारभार, सगळं एकत्र.

दाभोळचं वतन मात्र घशात अडकलेल्या काट्यासारखं तसंच राहिलं. शिर्क्यांनी मागितलं, शंभूराजांनी दिलं नाही, आणि गणोजी शिर्के मोगलांकडे गेले. ज्या साटंलोट्याने दोन घरं बांधली होती ते असं उसवलं, आणि उसवलेल्या जागी उभ्या होत्या दोन बायका, राजकुंवर आणि येसूबाई. एकीचा नवरा तिच्या भावावर उलटलेला, दुसरीचा भाऊ तिच्या नवऱ्यावर. १६८८ च्या शेवटाला शिर्क्यांनी कवी कलशांवर हल्ला केला, कलश विशाळगडाकडे गेले, मग शंभूराजे स्वतः रायगडावरून निघाले आणि शिर्क्यांना संगमेश्वरच्या बाजूला पिटाळून लावलं. म्हणजे येसूबाईंच्या नवऱ्याची शेवटची स्वारी त्यांच्याच माहेरावर झाली. या स्वारीवरून परतताना १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरला मोगल सरदार मुकर्रबखानाने त्यांना आणि कवी कलशांना पकडलं. पकडून शिर्क्यांनीच दिलं असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं, पण तसं थेट म्हणणारा समकालीन पुरावा नाही, त्यामुळे एका अख्ख्या घराण्याला आडनावावरून बोल लावणं मला अजिबात पटत नाही.

आता रायगड. इथे मला सगळ्यात जास्त वेळ घालवायचाय, कारण त्या कुलमुखत्यारपत्राची खरी परीक्षा या दोन महिन्यांत झाली.

बातमी आली की महाराज पकडले गेले. महाराज जिवंत आहेत, अजून जिवंत आहेत, मोगलांच्या कैदेत. गडावर येसूबाई, सहा-पावणेसात वर्षांचा मुलगा, आणि त्याच गडावर एकोणीस वर्षांचे राजाराम, ज्यांना नऊ वर्षांपूर्वी याच गादीवर बसवायचा प्रयत्न झाला होता. कुठल्याही दरबारात अशा वेळी काय होतं ते आपण जाणतो, आई मुलाला पुढे करते, मुलाच्या नावाने कारभार हातात ठेवते, आणि तिला तसं करायचा हक्क होता, थोरल्या गादीचा वारस तिच्याच पदराखाली होता, शिवाय शिक्का तिच्याकडे. येसूबाईंनी उलट केलं. राजाराम महाराजांना पुढे आणलं आणि फेब्रुवारी १६८९ मध्येच त्यांचं मंचकारोहण झालं.

मंचकारोहण आणि राज्याभिषेक यात फरक आहे. राज्याभिषेक म्हणजे मंत्रांसकट राजा होणं, मंचकारोहण म्हणजे कारभार चालावा म्हणून अधिकाराच्या आसनावर बसणं. शाहूचा हक्क शाबूत ठेवून काकांनी राज्य चालवायचं अशी ही तोड होती, आणि राजाराम महाराजांनीही ती मानली, पुढे जिंजीहून लिहिलेल्या पत्रातही शाहूच खरे धनी आहेत असाच त्यांचा सूर आहे. हिशोब साधा होता. सहा वर्षांचं पोर घोड्यावर बसून फौज उभी करू शकत नाही, एकोणीस वर्षांचा तरुण करू शकतो. पण हा हिशोब करायला बाईचं काळीज केवढं असेल विचार करा, नवरा अजून जिवंत आहे, त्याची सुटका होईल की नाही ठाऊक नाही, आणि तिने त्याच्या जागी दुसरा माणूस बसवायला मान डोलावलीय, कारण गादी रिकामी दिसली तर किल्लेदार एकेक करून कौल घेतील, म्हणजे अभयपत्र घेऊन मोगलांच्या आश्रयाला जातील, हे तिला नऊ वर्षांच्या कारभारातून कळत होतं.

११ मार्चला भीमाकाठी तुळापूर-वढूच्या परिसरात शंभूराजांची हत्या झाली. वय एकतीस. लगेच त्याच महिन्यात इतिकदखानाचा वेढा रायगडाला पडला, हा बादशहाच्या वजिराचा, असदखानाचा मुलगा. सगळं राजघराणं एकाच गडावर, म्हणजे एक गड पडला की सगळं संपलं. त्यावर येसूबाईंचा सल्ला असा की सगळ्यांनी एका जागी अडकायचं नाही, राजाराम महाराजांनी बाहेर पडावं, फिरतं राहावं, फौज जमवावी, आणि मी शाहूला घेऊन गड लढवते. ५ एप्रिलला राजाराम महाराज वेढ्यातून निसटले, प्रतापगड, पन्हाळा करत पुढे थेट तमिळ मुलखात जिंजीला पोचले. नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता.

आणि गड खरंच लढला. एप्रिल ते ऑक्टोबर, अख्खा पावसाळा, रायगडाच्या त्या धुक्यात आणि धो धो पावसात. जोवर येसूबाई आणि शाहू गडावर होते तोवर मोगलांची ती मोठी फौज रायगडाखाली गुंतून पडली आणि तिकडे राजाराम महाराजांना मोकळीक मिळाली. ३ नोव्हेंबर १६८९ ला गड गेला. खानाला या कामगिरीबद्दल झुल्फिकारखान हा किताब मिळाला. येसूबाई आणि शाहू कैद झाले.

यानंतरच्या भागाला आपल्याकडे फार जागा मिळत नाही, कारण त्यात लढाई नाही, नुसती वाट बघणं आहे. औरंगजेबाने त्यांना मारलं नाही. का? कारण ओलीस माणूस जिवंत असेल तरच किमतीचा असतो. मराठ्यांच्या गादीचा वारस आपल्या मुठीत आहे म्हणजे हवं तेव्हा त्याला पुढे करून मराठ्यांत भांडण लावता येईल. म्हणून शाहूला सात हजारी मनसब, म्हणजे मोगल दरबारातला मोठा हुद्दा दिला, राजा म्हटलं, बादशहाची मुलगी झीनतउन्निसा हिने त्या मुलाला माया लावली असं दिसतं, आणि राहायला जागा कुठे तर गुलालबारात. गुलालबार म्हणजे बादशहाच्या खाजगी डेऱ्यांभोवती घातलेलं लाल कापडाचं कुंपण. छावणी हलली की कुंपण हलायचं, विजापूरच्या बाजूला, भीमाकाठी ब्रह्मपुरीला, शेवटी अहमदनगरला. सतरा वर्षांहून जास्त काळ कापडाच्या भिंतीत, आपल्याच मुलखात, मराठी बोलणारी गावं पलीकडे दिसत असताना. मुलगा तिथेच मोठा झाला, त्याची लग्नंही तिथेच झाली. त्याच्यात मराठी राजा कोण आहे याची जाण कुणी जिवंत ठेवली असेल हे सांगायला कागद लागत नाही.

१७०७ मध्ये औरंगजेब मेला. त्याच्या मुलाने, आझमशहाने, उत्तरेकडे गादीसाठी धाव घेताना मे महिन्यात वाटेतच शाहूला सोडलं, सल्ला झुल्फिकारखानाचा, की हा गेला की राजाराम महाराजांच्या मागे राज्य चालवणाऱ्या त्यांच्या पत्नी ताराबाईंशी झुंजेल आणि मराठे आपापसात अडकतील. पंचवीस वर्षांचा मुलगा सुटला, पण आई नाही. आईला, बायकोला, घरच्यांना ठेवून घेतलं, शाहूने वाकडं पाऊल टाकू नये म्हणून. तो आझमशहा पुढच्याच महिन्यात जाजऊच्या लढाईत मारला गेला, म्हणजे ज्याच्याशी बोली झाली तो माणूसच राहिला नाही, आणि ही माणसं दिल्लीला गेली.

मुलगा साताऱ्यात छत्रपती, आई दिल्लीत ओलीस, अशी आणखी बारा वर्षं. १७१८ मध्ये दिल्ली दरबारातल्या बलाढ्य सरदारांना, सय्यद बंधूंना, बादशहाविरुद्ध फौजेची गरज पडली तेव्हा शाहू महाराजांचे पेशवे बाळाजी विश्वनाथ आणि खंडेराव दाभाडे फौज घेऊन उत्तरेत गेले. शाळेत आपण हे प्रकरण शिकतो ते स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा म्हणून, दख्खनच्या सहा सुभ्यांचा चौथा हिस्सा वगैरे, मार्कांचा प्रश्न असतो तो. त्या बोलणीत आणखी एक अट होती, की मातोश्री येसूबाई आणि बाकीची माणसं आमच्या हवाली करा. दिल्लीत दंगा झाला, मराठ्यांची कितीतरी माणसं तिथे कापली गेली, पण सनदाही मिळाल्या आणि मातोश्रीही.

जुलै १७१९ मध्ये येसूबाई साताऱ्याला पोचल्या. रायगड सोडून एकोणतीस वर्षं उलटून गेली होती. सहा-सात वर्षांचं पोर घेऊन गड उतरलेल्या त्या बाईसमोर आता सदतीस वर्षांचा छत्रपती उभा होता. राजधानी सातारा झाली होती, कारभार पेशव्यांच्या हाती जात होता, आणि ज्या रायगडावर त्यांचा शिक्का चालायचा तो गड तेव्हा जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होता, मराठ्यांकडे परत आला १७३३ मध्ये.

शंभूराजांची समाधी वढूला आहे, भीमेच्या काठच्या त्या मुलखात, तिथे दरवर्षी हजारो लोक जातात. येसूबाईंची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात तिथे. साताऱ्याहून जेमतेम चार-पाच किलोमीटर आहे, जाल तेव्हा थोडं थांबा तिथे.